वारज्याचा पत्ता

विशाखाताईंना कोणी "तुमचं काम फार मोठं आहे हो" असं म्हटलं की त्या म्हणायच्या, "मोठं नाही, लांबलचक आहे." मग समोरच्याला चहा विचारायच्या, किंवा विचारायच्याही नाहीत. ते त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असे. कौतुक करायला येणाऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. "ही माणसं पुन्हा येत नाहीत," त्या म्हणत. "शिव्या द्यायला आलेली निदान दुसऱ्यांदा येतात."

मी वकील. पेपरात नाव येणाऱ्यांतली नव्हे, कोर्टाच्या आवारात लाकडी टेबल मांडून बसणाऱ्यांतली. शिक्षा भोगत असलेल्या बायकांच्या रजेचे अर्ज करायचं काम माझ्या वाट्याला आलं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं. शिक्षा झालेल्या बाईला काही काळ आत काढल्यावर थोड्या दिवसांची रजा मिळू शकते. लोक तिला सरसकट पॅरोल म्हणतात. पण त्यासाठी बाहेर एक पत्ता लागतो, आणि त्या पत्त्यावर तिची हमी घेणारं माणूस लागतं. पोलीस जाऊन विचारतात, "ठेवून घेणार का?" पुरुषाच्या बाबतीत बहुतेक घरं हो म्हणतात. त्याची आई असते, बायको असते. बाईच्या बाबतीत भाऊ म्हणतो, घरात विचारून सांगतो. घरातून वहिनी आतल्या आतच मान हलवते, आणि अर्ज नामंजूर होतो. असे नामंजूर अर्ज बघून बघून मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

एके दिवशी पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा लावलेल्या एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाल्या, "पत्ता मी देते. अर्ज तुम्ही करा."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर जमेल."

अशी आमची ओळख झाली. पुढे मी बारा महिने तेरा काळ त्यांच्या कामात ओढली गेले, पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. शेवटपर्यंत वकीलबाईच.

टेलिफोन खात्यात त्या ट्रंक कॉल जोडत असत. परगावी फोन करायचा तर नंबर लावून तासन्‌तास वाट बघायची, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कॉल लागला की तीन मिनिटं मिळायची, आणि ती संपली की मध्येच एक बाईचा आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली." पलीकडे कोणाचं बाळंतपण असो की कोणी गेलेलं असो, आवाज यायचाच. तो आवाज विशाखाताईंचा. मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले, लोक आपापले नंबर आपणच फिरवू लागले, आणि खात्यानं ऑपरेटर बायकांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. "स्वेच्छा खात्याची, निवृत्ती माझी," त्या म्हणायच्या.

नोकरी सुटली, पण तीन मिनिटं सुटली नाहीत. कोणी रडत बसलं, रागावलं, भाषण देऊ लागलं की त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. मग घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." आवाज अगदी तोच, सपाट, कोणाच्याही बाजूचा नसलेला. मोठमोठी माणसं त्या आवाजानं गप्प झालेली मी पाहिली आहेत. एकदा मी एका न्यायाधीशांबद्दल तणतणत होते, मलाही मिळालीच तीन मिनिटं. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात माझं सांगून संपलंही होतं.

त्या हे सगळं का करत होत्या, याचं उत्तर विचारावं तेव्हा वेगळं मिळे. कधी म्हणत, "गुडघे धरतात, चालतं राहिलं पाहिजे." कधी म्हणत, "दुपारच्या मालिका बघवत नाहीत." घरात बाबांनी धम्म घेतला तेव्हा त्या लहान होत्या. शाळेत त्यांचं धोंडाबाई हे नाव खोडून विशाखा असं घातलं गेलं. "आख्खं नाव बदलून मिळालं मला," एकदा म्हणाल्या, "मग या बायकांना चार दिवस नुसता पत्ता बदलून मिळायला काय हरकत आहे?" आणि एकदाच, वेगळ्याच कसल्या तरी बोलण्यात म्हणाल्या, "लायनीवर लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा खात्याचा नियम होता. मी ऐकायचे." मला तरी हेच उत्तर खरं वाटतं.

पत्ता द्यायचा तर घर हवं, आणि घर मिळवणं हेच पहिलं दिव्य होतं. ताईंचा हट्ट असा, की खोटं बोलून जागा घ्यायची नाही. महिला वसतिगृह, गरजू भगिनी, असले मुलायम शब्द मी सुचवून पाहिले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि वापरले नाहीत. दारात उभ्या राहून त्या सरळ सांगायच्या, तुरुंगातून रजेवर आलेल्या बायका राहतील, काहींनी खून केलेले आहेत. कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, आमच्याकडे कुत्री पाळायलासुद्धा परवानगी नाही." ताई म्हणाल्या, "योग्यच आहे. कुत्र्यांना पॅरोल मिळत नाही." दुसऱ्या एका ठिकाणी आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणाले जागा कालच गेली. जिना उतरताना ताई म्हणाल्या, "नकार बायकांना मिळाला की मला, हे विचारायचं राहिलं." मला हसावं की काय करावं कळेना. त्यांना तोवर पुढच्या जाहिरातीचा पत्ता मिळाला होता.

शेवटी वारज्याचे दगडूआप्पा भेटले. आप्पा मूळचे शेतकरी. हायवेच्या अलीकडे त्यांची जमीन होती, त्यातली बरीच विकली गेली होती आणि तिथं इमारती उठत होत्या. राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी एक दोन मजली घर बांधलं होतं आणि आपण मात्र मागच्या जुन्या खोल्यांत राहत होते.

"कोन ऱ्हानार?" आप्पांनी विचारलं.

ताईंनी सांगितलं.

"पानी कमी हाय. सकाळी येतं तेवढंच. चालंल का?"

"चालेल."

"भायेरनं कुलूप लावनार का?"

"नाही."

"मंग घ्या की."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आप्पा, शेजारचे लोक काही म्हणणार नाहीत?" आप्पांनी समोरच्या इमारतींकडे हात केला. "ह्यांनी ह्ये डोंगार बांधताना मला इचारलं व्हतं का? मंग मी कशापायी इचारू?" वारज्याचा पत्ता आम्हाला असा मिळाला.

त्या घरात आलेली बाई पहिल्या दिवशी दारापाशी थांबे. दार नुसतं लोटलेलं असे, तरी ती समोर उभी राही, हात खाली सोडून, कोणीतरी उघडेल म्हणून. आतल्या जगात दार आपण उघडायचं नसतं, इतक्या वर्षांत हाताला ती सवयच राहिलेली नसते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा धावत जाऊन दार उघडणार होते. ताईंनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता मला हातानं थांबवलं. बराच वेळ गेला. बाईनं विचारलं, "उघडू?" ताई म्हणाल्या, "का? हाताला काय झालंय?" मग दार उघडलं.

रात्री दिवाणखान्यातला दिवा चालू ठेवायचा, कारण बराकीत दिवा कधी मालवत नाहीत आणि अंधारात या बायकांना झोप येत नाही. गुन्हा काय हे घरात कोणी विचारायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला बाईनं एकटीनं कोपऱ्यावर जायचं. हा नियम साधा दिसतो, पण कोपरा रस्त्याच्या पलीकडे होता. एकजण रिकाम्या हातानं परत आली. म्हणाली, "ताई, गाड्या थांबतच नाहीत."

"पुण्यात थांबत नाहीत. हात दाखवायचा आणि चालायला लागायचं. मरायची भीती वाटते?"

"वाटते."

"चांगलं लक्षण आहे. जा परत."

ती गेली आणि दूध घेऊन आली. वर घाबरीघुबरी होऊन सांगू लागली, की रस्त्यानं एक चांगल्या घरचा पोरगा एकटाच हातवारे करत, मोठमोठ्यानं बोलत चालला होता, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. कानात अडकवून बोलायचे फोन तिनं पाहिलेच नव्हते. ती आत गेली तेव्हा हे शहर वेगळं होतं. संध्याकाळी हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या पोरापोरींना घ्यायला यायच्या, त्यांच्याकडे बघत ताई म्हणायच्या, "आम्हीही हेच करत होतो. लोकांचे फोन घ्यायचे. पण आम्हाला न्यायला गाडी येत नव्हती."

आपल्याकडच्या बायका निर्दोष असतात, असं त्यांनी कधी भासवलं नाही. एक शिकलेल्या बाई मदत करायला आल्या होत्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बहुतेकींना अडकवलेलंच असेल, नाही का?" ताई म्हणाल्या, "निर्दोष हवे असतील तर बालवाडीत जा. इथे एकीनं सुनेला जाळलंय. पोळ्या फार छान करते. दोन्ही खरं आहे." त्या बाई पोळी न खाता गेल्या.

कधीतरी त्या सगळ्यांना घेऊन खडकवासल्याला जायच्या. धरणाच्या भिंतीपाशी, भाजलेली कणसं नाहीतर भजी घेऊन, पाण्याकडे तोंड करून बसायचं. एका बाईनं विचारलं, "इथं किती वाजेपर्यंत बसता येतं?" ताई म्हणाल्या, "भजी संपेपर्यंत." ती बाई मग एकेक भजं इतकं सावकाश खात राहिली की बाकीच्या हसू लागल्या. त्या घरातलं हसणं मी फार थोड्या वेळा ऐकलं. त्यातलं हे एक.

पण ताईंच्या ज्या पद्धतीवरून सगळं पुढे घडलं ती वेगळीच होती. रजा संपली की बाईनं एकटीनं, बसनं परत तुरुंगात जायचं. सोबत कोणी जायचं नाही. ताई घराच्या पायरीवर मेथी निवडत बसायच्या आणि संध्याकाळी तुरुंगात फोन करून "पोचली का?" एवढंच विचारायच्या. वारज्याच्या पोलीस चौकीच्या साहेबांना हे अजिबात पटत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, कामानं पिचलेले होते. "सोबत जायला काय होतं तुम्हाला? उद्या एखादी पळाली म्हणजे?"

"मी तुरुंगाची शाखा चालवत नाही, साहेब. पोचवून आलेली बाई पोचवलेली असते, परत गेलेली नसते."

साहेबांनी हात जोडले. म्हणाले, "ताई, मग माझंही ऐकून ठेवा. या पत्त्यावरची एक जरी बाई वेळेत आत गेली नाही, तर पुन्हा या पत्त्यासाठी इथून होकार जाणार नाही. कोणासाठीच नाही." ताई म्हणाल्या, "मान्य." म्हणजे आत वाट बघणाऱ्या सगळ्या बायकांची रजा, बसमध्ये एकटी बसलेल्या त्या एका बाईच्या हातात असायची. मला त्या दिवशी अन्न गोड लागत नसे. कितीतरी बायका आल्या आणि गेल्या, सगळ्या वेळेत गेल्या.

मंदा आली तेव्हा शेवंताची रजा मंजूर झालेली होती. शेवंता आमची सगळ्यात जुनी अर्जदार. तिच्या माहेरच्यांनी, सासरच्यांनी, सगळ्यांनी नाही म्हटलेलं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि नवल म्हणजे मुलाकडच्यांनीच निरोप पाठवला होता की आई लग्नात असू द्या. रजा वारज्याच्या पत्त्यावर होती, मंदा परत गेली की पुढच्याच आठवड्यात. घरातल्या बायकांनी तिच्यासाठी अंदाजानं एक ब्लाउजही शिवून ठेवला होता. मापावरून त्यांच्यात वाद चालले होते.

मंदानं दिराच्या डोक्यात वरवंटा घातला होता. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोर्टात कोणीही बोललं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. तिचं माहेर वारज्याच्या पुढे, नदीकाठचं, नुकतंच शहरात आलेलं गाव. भावांनी जमिनी विकून खांबांचा बंगला बांधला होता. पोलीस गेले की ते म्हणायचे, आमच्यात अशी कोणी नाही. माहेर रिक्षाच्या अंतरावर असूनही रजेभर मंदा तिकडे फिरकली नाही. विषयही काढला नाही. शेवटच्या दिवशी सकाळी पाया पडून, पिशवी घेऊन निघाली. मी त्या दुपारी काही कागदांसाठी तिथंच होते.

चारच्या सुमारास फोन आला. मंदाची वहिनी होती. "अहो, त्या इकडं आल्यात. आमच्या सासूबाई सोडंनात. आज अवस हाय म्हनत्यात."

ताईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. आम्ही रिक्षा पकडली. तुरुंगात बायकांची संध्याकाळची मोजणी व्हायच्या आत मंदा पोचली नाही तर ती गैरहजर लागणार होती. रिक्षात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "ताई, शेवंताच्या मुलीचं लग्न आहे." त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

बंगल्याच्या मागच्या ओट्यावर मंदा बसली होती. मागे तिची आई, हाडांची काडं झालेली म्हातारी, लेकीच्या डोक्याला तेल चोळत होती. मंदाचे केस पिकलेले. मंदा जाता जाता फक्त घर बघून जावं म्हणून रस्त्यावर उभी राहिली होती. भाऊ बाहेरगावी लग्नाला गेलेले, म्हातारी ओट्यावर, आणि तिनं लेकीला ओळखलं. एवढंच झालं होतं.

ताई पायरीवर बसल्या. "आजी, मंदाला आज परत जायचंय. आजच. दिवस मावळायच्या आत."

"आज अवस हाय," म्हातारी म्हणाली. हात थांबला नाही. "अवसेला लेक घालवत्यात का म्हायेरातनं? उंद्या जाईल."

"उशीर झाला तर तिला भोगावं लागेल."

"आजून काय ऱ्हायलंय भोगायचं? प्वारं म्हनली, मेली म्हून समज. मी समजले. मेलेली लेक दारात हुबी ऱ्हायली, तर तिला अवसेचीच लावून दिऊ व्हय? तुमाला हाय का लेक?"

ताईंना लेक नव्हती, मुलगा होता. मंदानं मान वर केली. "ताई, तुम्ही म्हणाल तर उठते."

ती खरंच उठली असती. अमावास्या ताई पाळत नव्हत्या, कोणी पाळलेली त्यांना आवडतही नसे. त्यांनी एक वाक्य म्हटलं असतं तर म्हातारी रडली असती आणि आम्ही वेळेत पोचलो असतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. आज तरी तो आवाज यावा, असं मला मनापासून वाटत होतं. शेवंतासाठी वाटत होतं.

"बस," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी सरळ गेटवर जा. माझ्याकडे येऊ नकोस."

वहिनीनं चहा आणला. तो त्यांनी पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला, आणि तिथून आम्ही थेट चौकीवर गेलो. वाटेत मी वकिलाचं काम केलं. सांगितलं, की तुम्हाला ती कुठं आहे हे ठाऊक नाही एवढंच म्हणा, ती पळाली अशी नोंद होईल, पण दोष तिच्या एकटीवर जाईल, साहेबांना विनवता येईल, घर वाचेल आणि शेवंताही येईल. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोलले नाही. साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. मंदा आज जाणार नाही, ती आईकडे आहे, मला ठाऊक आहे, मीच बस म्हटलं.

साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "अवस आहे खरी." त्यांनी जीप पाठवली नाही. पण शब्दही फिरवला नाही.

मंदा दुसऱ्या दिवशी उजाडताच गेटवर हजर झाली, ओटी भरून घेऊन. तांदूळ आणि नारळ अर्थातच आत नेता आले नाहीत. तिची शिक्षेतली सूट कापली गेली, पुढच्या रजाही गेल्या. ते तिनं कुरकुर न करता घेतलं. वारज्याचा पत्ता बाद झाला. शेवंताची रजा रद्द झाली आणि तिच्या मुलीचं लग्न तिच्याशिवाय लागलं.

हे शेवंताला सांगायला ताई स्वतः तुरुंगात मुलाखतीला गेल्या. मी सोबत होते. जाळीपलीकडे शेवंता उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिची आई आन् माझी लेक, असं तोललंत तुम्ही?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला तोलायला?"

शेवंता वळून आत निघून गेली. त्यानंतर ताई दर महिन्याला मुलाखतीला जात. शेवंताचं नाव पुकारलं जाई, ती येत नसे, आणि वेळ संपेपर्यंत ताई बाकावर बसून राहत. मी म्हणे, कशाला जाता? त्या म्हणत, "तिला नाही म्हणायला कोणीतरी नको का?"

मी एकदाच विचारलं, चुकलं असं वाटतं का? त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "रोज वाटतं. आणि पुन्हा तेच केलं असतं, असंही रोज वाटतं. त्यामुळे विचार करून काही उपयोग नाही." इतका थकलेला आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता, आणि मला तेव्हा त्यांचा राग येत होता, हेही खरं.

पुढे आप्पा गेले. त्यांच्या मुलांनी घर बिल्डरला दिलं, तिथं आता खाली गाड्या आणि वर फ्लॅट आहेत. ताईंनी वारज्याच्याच जुन्या गावठाणात दोन खोल्या घेतल्या. त्या एकट्याच, पण खाटा तीन टाकल्या. नव्या पत्त्यासाठी अर्ज करत राहिल्या. साहेब बदलले, त्यांच्यानंतरचेही बदलले, नकाराचा शेरा मात्र त्यांच्या नावामागून गेला. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. दर रविवारी तासभर फोन करायचा, इकडे निघून ये म्हणायचा. "तासभर!" ताई मला म्हणायच्या. "एवढं बोलायला माणसाकडे असतं काय?" गेल्या नाहीत.

त्यांना मी शेवटचं धड हिंडताफिरताना पाहिलं ते शेवंता सुटली त्या दिवशी. रजेवर नव्हे, शिक्षा संपवून. कागदांच्या कामासाठी मी येरवड्याला गेले होते. बघते तर ताई रस्त्यापलीकडे झाडाखाली बसलेल्या. त्यांना कोणी कळवलं होतं देव जाणे. पाय सुजलेले, हातात काठी. मी म्हटलं, "ती तुमच्याशी बोलणार नाही." त्या म्हणाल्या, "मी कुठे बोलायला आलेय?"

शेवंता बाहेर आली. लेकीचं सासर दूर, त्यात लेक पोटुशी होती. न्यायला कोणीही आलेलं नव्हतं. शेवंतानं आम्हा दोघींना पाहिलं, ओळखलं, आणि सरळ बसस्टॉपकडे चालू लागली. ताई काठी टेकत मागे. मध्ये बरंच अंतर. बस आली. शेवंता पुढे जाऊन खिडकीशी बसली. ताई मी हात दिल्यावर चढल्या आणि तिच्या मागच्या बाकावर टेकल्या. मला कोर्टात जायचंच होतं, मीही चढले.

कंडक्टर ताईंपाशी आला. "कुठलं द्यायचं, आजी?"

ताईंनी पुढच्या बाकाकडे बोट केलं. "ती सांगेल तिथली दोन."

कंडक्टरनं शेवंताला विचारलं. ती बाहेर बघत राहिली. बस पुलावर आली, नदी मागे पडली. कंडक्टर वैतागला, "ओ मावशी, कुठं?"

"वारजे," शेवंता म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "माझे दिवस राहिलेत तिथले."

"ही नाय जात वारज्याला. मनपाला बदलायला लागंल."

"मग मनपाची द्या," ताई म्हणाल्या. "दोन."